लग्न झालं, शिष्यवृत्तीचं काय?

महाराष्ट्रात लगीनसराई आणि कॉलेजप्रवेश एकमेकांना खेटूनच येतात. दारचा मांडव उतरतो न उतरतो, तोच अर्ज भरायचे दिवस सुरू होतात. मे महिन्यात लग्न झालेली मुलगी पावसाळ्यात कॉलेजात परतते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज उघडते आणि अडखळते. उत्पन्नाचा दाखला वडिलांचा जोडायचा की नवऱ्याचा? जातीच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव आहे, तो चालेल का? आधारकार्डावर नाव बदलून घेतलंय आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर जुनंच आहे, त्याचं काय?

ती ज्याला विचारते त्याच्याकडे उत्तर तयार असतं. मैत्रीण एक सांगते, सेतू केंद्रातला माणूस दुसरं, सासरची मंडळी तिसरं. या गोंधळात मुदत निघून जाते, फी अंगावर पडते आणि ‘आता लग्न झालंय, शिकून काय करायचंय’ म्हणणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. निव्वळ नियम ठाऊक नसल्यामुळे एखादीचं शिक्षण सुटावं, हे मनाला फार लागतं. म्हणून नेहमी कानावर येणारे गैरसमज इथे एकेक करून तपासू.

त्याआधी एक खूणगाठ बांधून ठेवा. शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणारे दाखले दोन प्रकारचे असतात. काही जन्माशी बांधलेले असतात, काही घरच्या आजच्या मिळकतीशी. पहिल्या प्रकारात लग्नाने काहीही बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात बदल होऊ शकतो, आणि तो कसा मोजायचा हे प्रत्येक योजना आपापलं ठरवते. पुढचे बहुतेक घोळ या दोन प्रकारांची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

गैरसमज १ : लग्न झालं की शिष्यवृत्ती बंद

वस्तुस्थिती : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या. दहावीनंतरच्या शिक्षणाची ही सगळ्यांत मोठ्या योजनांपैकी एक. तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विवाहित विद्यार्थिनीचं उत्पन्न कसं धरायचं याची तरतूद लिहिलेली आहे. विवाहितेला योजनेतून वगळायचं असतं, तर ही तरतूद करण्याचं कारणच नव्हतं. लग्न हे अर्ज नाकारण्याचं कारण नाही. लग्नानंतर उत्पन्न कुणाचं मोजायचं, एवढंच बदलतं.

गैरसमज २ : लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या जातीची होते

वस्तुस्थिती : सासरचं आडनाव लावता येतं, सासरची जात लावता येत नाही. जात जन्माने ठरते आणि विवाहाने बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितलं आहे. १९९६ च्या वल्सम्मा पॉल खटल्यात मागासवर्गीय कुटुंबात लग्न करून आलेल्या स्त्रीला त्या कुटुंबाच्या आरक्षणावर हक्क सांगता येत नाही, असा निकाल झाला. २०१८ च्या सुनीता सिंह खटल्यात न्यायालयाने तेच तत्त्व पुन्हा उचलून धरलं.

याची दुसरी बाजू मुलींच्या फायद्याची आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. अनुसूचित जातीत जन्मलेल्या मुलीने खुल्या प्रवर्गातल्या मुलाशी लग्न केलं, तरी तिचा जातीचा दाखला आणि पडताळणी समितीने दिलेलं वैधता प्रमाणपत्र तिचंच राहतं. आंतरजातीय लग्नानंतर ‘आता तुला सवलत नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते खोटं आहे.

मुलांच्या बाबतीत प्रश्न थोडा नाजूक होतो. आंतरजातीय जोडप्याच्या अपत्याची जात वडिलांची, असं सर्वसाधारणपणे गृहीत धरलं जातं. पण २०१२ च्या रमेशभाई नायका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक खोडून काढता येतं, असं स्पष्ट केलं. आई अनुसूचित जाती-जमातीची असेल, मूल तिच्याच समाजात वाढलं असेल आणि त्या समाजाच्या वाट्याला येणारे अपमान व हाल त्याने सोसले असतील, तर ते पुराव्यानिशी मांडता येतं. आईवडील विभक्त झाले आणि मूल आईच्या माहेरी वाढलं, तर हा निकाल माहीत असणं फार मोलाचं ठरतं.

गैरसमज ३ : नवरा अधिकारी आहे, म्हणून नॉन-क्रीमी लेयर मिळणार नाही

वस्तुस्थिती : इतर मागासवर्गीयांचा (ओबीसी) क्रीमी लेयर, म्हणजे सवलतीतून वगळलेला पुढारलेला थर, ठरतो तो आईवडिलांच्या स्थितीवरून. केंद्राच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या मूळ आदेशातच वर्ग एकच्या अधिकाऱ्याशी लग्न झालेल्या ओबीसी स्त्रीचा खास उल्लेख आहे. केवळ त्या लग्नामुळे तिला क्रीमी लेयरमध्ये ढकलता येत नाही. १४ ऑक्टोबर २००४ च्या खुलाशात आणखी स्वच्छ शब्दांत सांगितलं गेलं, की उमेदवाराचं स्वतःचं किंवा तिच्या जोडीदाराचं उत्पन्न यासाठी धरायचं नाही.

वडील प्राथमिक शिक्षक आणि नवरा मोठ्या कंपनीत इंजिनिअर असेल, तरी पाहायचं माहेर. उलट माहेर क्रीमी लेयरमध्ये मोडत असेल, तर गरीब घरात लग्न झाल्यामुळे ती त्यातून बाहेर येत नाही. म्हणजे हा दाखला उत्पन्नाचा वाटतो खरा, पण लग्नाच्या बाबतीत तो जन्माच्या दाखल्यासारखाच वागतो. गफलत होते ती इथेच.

गैरसमज ४ : उत्पन्नाचा दाखला कायम वडिलांचाच चालतो

वस्तुस्थिती : इथे मात्र सावध राहायला हवं, कारण तीन योजनांचे तीन हिशेब आहेत.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. विद्यार्थिनी विवाहित असेल आणि नोकरी करत नसेल, तर मार्गदर्शक सूचनांनुसार नवऱ्याचं उत्पन्न धरायचं. घरातल्या दुसऱ्या कुणाचंही नाही. समजा, वडील शेतमजूर आहेत, वर्षाकाठी ऐंशी हजार मिळवतात आणि नवऱ्याचा पगार वर्षाला चार लाख आहे. लग्नाआधी पात्र असलेली मुलगी लग्नानंतर अपात्र ठरते. आता उलट चित्र पाहा. वडिलांचा पगार सहा लाख आणि नवरा रिक्षा चालवून वर्षाला पावणेदोन लाख मिळवतो. तिला पूर्वी शिष्यवृत्ती मिळत नसली, तरी आता ती अर्ज करू शकते. हे ठाऊक नसल्यामुळे अर्जच न करणाऱ्या मुलींचा विचार मनात येतो आणि वाईट वाटतं.

सासरा कमावता असेल, दिराची नोकरी असेल, तरी त्यांचं उत्पन्न या हिशेबात येत नाही. एकत्र कुटुंबातल्या सुनेने हे नीट लक्षात ठेवावं. विद्यार्थी मुलगा विवाहित असेल, तर त्याच्यासाठी अशी वेगळी तरतूद नाही. त्याच्या आईवडिलांचंच उत्पन्न पाहिलं जातं.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते. मर्यादा आठ लाखांची. तिथे विवाहितेसाठी माहेर आणि सासर या दोहोंपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, ते धरतात. म्हणजे मॅट्रिकोत्तर योजनेत नवऱ्याखेरीज जे सासर मोजलं जात नाही, ते इथे मोजलं जातं.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या दाखल्याचा हिशेब आणखी निराळा. ३१ जानेवारी २०१९ च्या केंद्राच्या आदेशात ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे दिलं आहे : अर्जदार, तिचे आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं. या सगळ्यांचं मिळून उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी हवं. लग्नानंतर आईवडील यादीतून वगळले जात नाहीत, नवऱ्याची भर तेवढी पडते. सासू-सासरे मात्र या यादीत नाहीत. विवाहित मुलाच्या दाखल्यातही त्याच्या बायकोची मिळकत अशीच मिळवली जाते.

मुलगी एकच, पण तीन योजनांच्या लेखी तिची तीन वेगळी कुटुंबं. म्हणून शेजारणीच्या मुलीने कोणता दाखला जोडला हे विचारून भागत नाही. आपल्या योजनेच्या शासन निर्णयात ‘कुटुंब’ कुणाला म्हटलंय, ती ओळ शोधून वाचायची. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पन्नासऐवजी शंभर टक्के शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळू लागलं आहे. एका चुकीच्या दाखल्याने होणारं नुकसानही त्यामुळे दुप्पट झालं आहे.

गैरसमज ५ : लग्न करून महाराष्ट्रात आलं की इथली सवलत मिळते

वस्तुस्थिती : अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. यासंबंधीचा पायाभूत निकाल मुंबईतल्याच एका प्रवेशातून निघाला. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याने मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली होती. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. २०१८ च्या रंजना कुमारी खटल्यात लग्नामुळे दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्त्रीलाही हाच नियम लागू झाला.

बेळगावची मुलगी कोल्हापुरात दिली, बऱ्हाणपूरची जळगावात आली, असं आपल्याकडे सर्रास घडतं. जात तीच, बोली तीच, पाहुणेही तेच. पण महाराष्ट्राच्या राखीव जागेसाठी कर्नाटक किंवा मध्य प्रदेशातला दाखला चालत नाही. नातं जुळण्याआधीच हे माहीत असलेलं बरं, म्हणजे प्रवेशाच्या आशेवर वर्ष वाया जात नाही.

गैरसमज ६ : लग्नानंतर नाव बदलावंच लागतं

वस्तुस्थिती : लग्नानंतर स्त्रीने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. शिकत असताना तर घाई न केलेलीच बरी. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं आणि गुणपत्रिकेवर तिसरं, अशी स्थिती झाली की मंजूर झालेले पैसेही अडकून पडू शकतात.

नाव बदलायचंच असेल, तर आधी विवाहाची नोंदणी करून घ्यावी. गावात ती ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. तो दाखला जुन्या आणि नव्या नावांमधला दुवा असतो. लागल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि मग आधार, बँक, कॉलेज असा क्रम एकदाच, एकामागून एक पुरा करावा. अर्ध्यावर सोडलेला नावबदल सगळ्यांत जास्त त्रास देतो. जातीचे कागद मात्र वडिलांच्या वंशावळीवर उभे असल्यामुळे माहेरच्या नावाचेच राहतात, त्यांना हात लावायची गरज नाही.

गैरसमज ७ : अर्जात ‘अविवाहित’ लिहिलं तर कुणाला कळतंय?

वस्तुस्थिती : हा सल्ला देणारे आपलेच असतात, म्हणून तो जास्त धोक्याचा. खोटी माहिती देऊन घेतलेली शिष्यवृत्ती रद्द होते, दिलेली रक्कम वसूल करता येते आणि विद्यार्थ्याला काळ्या यादीत टाकून पुढच्या योजनांची दारं बंद करता येतात. मॅट्रिकोत्तर योजनेच्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. वर पाहिलंच आहे, की खरं सांगून काही मुली नव्याने पात्रही ठरतात. मग एवढा धोका कशासाठी पत्करायचा?

गैरसमज ८ : मुलगी सासरी गेली, आता शैक्षणिक कर्जही सासरचं

वस्तुस्थिती : कर्जाच्या कागदावर सह्या ज्यांच्या, जबाबदारी त्यांची. वडील सहकर्जदार असतील, तर मुलीच्या लग्नानंतरही ते सहकर्जदारच राहतात. लग्नानंतर नवं कर्ज घ्यायचं झालं, तर नवरा, आईवडील किंवा सासू-सासरे यांपैकी कुणीही सहकर्जदार होऊ शकतं, अशी सोय बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनांमध्ये आहे.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळायची सोय आहे. स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज त्यात बसतं. बायकोच्या शिक्षणासाठी नवऱ्याने घेतलेलं कर्ज चालतं. सुनेसाठी सासऱ्याने किंवा बहिणीसाठी भावाने घेतलेल्या कर्जावर ही वजावट नाही.

गैरसमज ९ : नवरा गेला, मुदतही गेली, आता काही होणार नाही

वस्तुस्थिती : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या सूचनांमधली सगळ्यांत माणुसकीची ओळ इथे सापडते. कमावत्या पालकाच्या निधनामुळे घरचं उत्पन्न मर्यादेखाली आलं, तर ज्या महिन्यात हे दुःख ओढवलं त्या महिन्यापासून विद्यार्थी पात्र ठरतो. अर्जाची शेवटची तारीख उलटून गेली असली, तरी सहानुभूतीने विचार करता येतो. विवाहित विद्यार्थिनीचा नवरा गेला, तर तिचं शिक्षण जो पालक सांभाळतो त्याचं उत्पन्न धरण्याची तरतूदही त्याच सूचनांत आहे. ऐन शिक्षणात वैधव्य आलेल्या मुलीला कॉलेज सोडायचा सल्ला देणारे खूप भेटतात. तिच्या हातात मृत्यूचा दाखला आणि एक साधा अर्ज देऊन समाजकल्याण कार्यालयापर्यंत सोबत जाणारं एखादं माणूस तिला मिळायला हवं.

आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून याद्या करतात. मानपान, कपडे, कार्यालय, जेवणावळ, कोण काय करणार हे सगळं कागदावर उतरतं आणि खाली सह्या होतात. मुलगी शिकत असेल, तर त्या कागदावर आणखी तीन ओळी लिहाव्यात : तिचा अभ्यासक्रम कधी पुरा होतो, तिची शिष्यवृत्ती कोणत्या योजनेतली आहे आणि या वर्षी उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावे काढायचा. कार्यालयाचं भाडं एका दिवसाचं असतं. या तीन ओळी तिला जन्मभर पुरतील.