सुट्टी, संगीत आणि सोळा वर्षांचा वार्ताहर

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की आमच्या घराघरांतून एका प्रश्नाची चर्चा ठरलेली असते: ही मुले आता दोन महिने करणार काय? पूर्वी उत्तर सोपे असे. टंकलेखनाचा वर्ग लावावा, आजोळी जावे, फार तर पेटी-तबल्याचे चार धडे घ्यावेत. आता एखादी मुलगी सांगते, की मी या सुट्टीत गाण्याचे कार्यक्रम ऐकत फिरणार, त्यांवर लिहिणार आणि एखाद्या वृत्तपत्राच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारीही करणार. वडीलधारी मंडळी यावर गप्प होतात. गाणे त्यांना समजते. गाण्यावर लिहिणे हे काम कसे, ते समजत नाही. या शंकेची टर आम्ही उडवणार नाही, कारण तिच्यामागे काळजी असते. परंतु तिचा विचार करताना अमेरिकेतील एका मुलाची हकीगत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

कॅमेरून क्रो याचा जन्म १३ जुलै १९५७ चा. घर कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात. आई शिक्षिका, करारी आणि मुलाच्या बुद्धीविषयी मोठ्या आशा बाळगणारी. मुलाने वकील व्हावे, ही तिची इच्छा. रॉक संगीताला घरात मज्जाव होता. शाळेत मधल्या इयत्ता गाळून मुलाला वर चढवल्यामुळे तो वर्गात नेहमीच सर्वांत लहान असे आणि १९७२ साली, पंधराव्या वर्षीच, त्याचे शालेय शिक्षण संपले. तोवर सॅन डिएगोतील एका छोट्या पत्रात तो ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे लिहू लागला होता.

त्या पत्रात पूर्वी लिहीत असलेले लेस्टर बँग्ज हे समीक्षक तेव्हा डेट्रॉइटच्या ‘क्रीम’ मासिकाचे संपादन करीत होते. मुलाने आपली कात्रणे त्यांच्याकडे धाडली आणि बँग्ज यांनी त्याला काम दिले. अनोळखी पोराच्या पत्राची अशी दखल घेणारा संपादक भेटणे, हे त्याचे पहिले भाग्य. पुढे क्रो यांनी याच दिवसांवर ‘ऑलमोस्ट फेमस’ हा चित्रपट काढला. तो २००० साली प्रदर्शित झाला आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. त्यातील बँग्ज या मुलाला बजावतात, की कलावंतांच्या मैत्रीच्या नादी लागू नकोस आणि लिहिताना भीड धरू नकोस. हा उपदेश पाळणे किती अवघड आहे, ते मुलाला लवकरच कळावयाचे होते.

‘रोलिंग स्टोन’ हे पाक्षिक त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोहून निघे. तेथील संपादक बेन फाँग-टोरेस यांनी १९७३ मध्ये या मुलाकडे ‘ऑलमन ब्रदर्स’ या वाद्यवृंदावरील मोठा लेख सोपवला. त्या उन्हाळ्यात हा वृंद कीर्तीच्या शिखरावर होता. २८ जुलैला न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे त्याला आणि आणखी दोन वृंदांना ऐकण्यासाठी सुमारे ६ लाख लोक लोटले होते. परंतु या कीर्तीवर दुःखाची छाया होती. वृंदाचा प्रमुख गिटारवादक ड्वेन ऑलमन ऑक्टोबर १९७१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. नोव्हेंबर १९७२ मध्ये बेरी ओकली हा दुसरा वादकही त्याच मेकन शहरात तशाच अपघाताने गेला. दोघेही अवघे चोवीस वर्षांचे. अशा मंडळींबरोबर गावोगाव हिंडण्यास आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठवताना त्या आईला काय वाटले असेल, हे आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. तरीही तिने त्याला जाऊ दिले.

छायाचित्रकार नील प्रेस्टन यांच्यासह काही आठवडे तो या वृंदाबरोबर फिरला. रात्री मैफल, दिवसा प्रवास, मधल्या वेळात मुलाखती. टेप रेकॉर्डर सतत हाताशी. मंडळी त्याच्याशी मनमोकळे बोलली. दौऱ्याच्या अखेरीस मात्र ड्वेनचा धाकटा भाऊ, गायक ग्रेग ऑलमन, याच्या मनात संशय शिरला. एवढा कोवळा पोर खरोखर वार्ताहर आहे, की पोलिसांचा हेर? त्याने साऱ्या ध्वनिफिती मागून घेतल्या. कित्येक दिवसांचे काम एका रात्रीत हातचे गेले आणि मुलगा रित्या हाताने घरी परतला. पुढे त्या ध्वनिफिती परत आल्या आणि ६ डिसेंबर १९७३ च्या अंकात त्याचा लेख मुखपृष्ठावर झळकला.

ही यशाची गोष्ट येथेच संपवता आली असती. परंतु आम्हांस पुढील प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘लेड झेपेलिन’ या इंग्रज वृंदाचा ‘रोलिंग स्टोन’वर जुना राग होता, कारण त्या पाक्षिकाने त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर कठोर टीका केली होती. या मुलाने त्यांचे मन वळवले आणि मार्च १९७५ मध्ये त्यांच्यावरील लेख मुखपृष्ठावर आणला. कार्यभाग साधला. पण मालक-संपादक जान वेनर यांनी त्याला बोलावून सांगितले, की त्या मंडळींना जे हवे होते, तेवढेच तू लिहिलेस. आणि जोन डिडियन यांचा लेखसंग्रह वाचावयास दिला. ही आठवण स्वतः क्रो यांनी सांगितली आहे. विश्वास संपादन करणे त्याला साधले होते. विश्वास मिळाल्यावरही आपल्या नजरेने पाहणे अद्याप शिकावयाचे होते.

हा पेच आमच्या संगीतालाही नवा नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे व्यवसायाने वकील. वही-लेखणी घेऊन ते गुणीजनांकडे हिंडले, तेव्हा आपली घराण्याची चीज कागदावर उतरू देण्यास कित्येक उस्ताद नाखूष असत. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीमागे भातखंडे यांचेच परिश्रम होते. ऐकणाऱ्याने लिहून ठेवले, म्हणून पुढच्या पिढ्यांना त्या बंदिशी पुस्तकात लाभल्या. लिहिणाऱ्यावर गाणाऱ्याचा संशय, आणि तरीही लिहिण्याची गरज, ही दोन्ही आपल्या परिचयाची आहेत.

आता आपल्या मंडळांकडे पाहू. इंदूर असो, ग्वाल्हेर असो वा बडोदे, गणेशोत्सवातील गायनाचा वृत्तांत वाचला तर ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. कोणता राग होता, साथीला कोण होते, दुसरी चीज का रंगली नाही, हे कोणी लिहीत नाही. कारण गाणारे ओळखीचे, आयोजक नात्यातले. भीड पडते. मग वीस वर्षांनी त्या मैफलीचा मागमूसही उरत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या मुलाला किंवा मुलीला गाण्यावर लिहावयाचे आहे, तिला मंडळाने या वर्षी पाच कार्यक्रम नेमून द्यावेत. आधी त्या गायकाचे ध्वनिमुद्रण ऐकून जावयास सांगावे, कार्यक्रमानंतर कलावंताशी पंधरा मिनिटे बोलू द्यावे, आणि आलेला मजकूर जाणत्या माणसाकडून तिच्यासमोर बसून तपासून घ्यावा. लहानसे का होईना, मानधन द्यावे. उशिरा परतण्याची सोय कोण पाहणार, हे घरच्यांनी आधी ठरवावे. काळजीने मनाई करण्यापेक्षा काळजीने व्यवस्था केलेली बरी. आणि एखाद्या वृत्तांताने ओळखीचा गायक रुसला, तर त्याची समजूत वडीलधाऱ्यांनी काढावी. मजकूर बदलण्यास मुलीला सांगू नये.