क्रमिक विरलनाचे गणित आणि ‘एकास दहा’चा अर्थ

नासलेल्या दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जीवाणू असू शकतात. ते एकेक मोजणे अशक्य असल्याने नमुना टप्प्याटप्प्याने विरल करून, त्याचा अल्पसा अंश पोषक आगरावर पसरवून, उगवणाऱ्या वसाहती मोजल्या जातात. या पद्धतीस क्रमिक विरलन असे म्हणतात. तिचे गणित सोपे आहे. परंतु ते ज्या शब्दांत सांगितले जाते, ते शब्द मात्र तितके निःसंदिग्ध नाहीत.

प्रथम गणित पाहू. मिश्रणाचे एकूण आकारमान भागिले त्यात घातलेल्या नमुन्याचे आकारमान, म्हणजे विरलनाचा गुणक होय. १ मिलिलिटर नमुना ९ मिलिलिटर निर्जंतुक लवणजलात मिसळला, तर एकूण १० मिलिलिटर होतात व गुणक १० येतो. त्यातील १ मिलिलिटर पुढील नळीतील ९ मिलिलिटरमध्ये घालावयाचा, आणि हाच क्रम पुढे चालवावयाचा. टप्प्यांचे गुणक एकमेकांत मिळवावयाचे नसून त्यांचा गुणाकार करावयाचा असतो. म्हणून पाच टप्प्यांनंतर विरलन पन्नासपट न होता १,००,००० पट होते. हेच विरलन एका टप्प्यात साधावयाचे तर १ मिलिलिटर नमुन्यास जवळजवळ १०० लिटर द्रव लागेल. पाच नळ्यांत ते अवघ्या ४५ मिलिलिटरमध्ये साधते.

पाचव्या नळीतील ०.१ मिलिलिटर द्रव आगरावर पसरविला व ८४ वसाहती उगवल्या, असे समजू. ८४ ला ०.१ ने भागून १,००,००० ने गुणिले असता मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला ८,४०,००,००० वसाहतक्षम जीवाणू होते, असे उत्तर मिळते. सामान्यतः ३० ते ३०० वसाहती असलेल्या तबकड्याच हिशेबात घेतात. त्याहून कमी असल्यास यदृच्छेचा प्रभाव वाढतो. अधिक असल्यास वसाहती एकमेकींत मिसळतात.

आता शब्दांकडे वळू. वहीत ‘१:१०’ असे लिहिलेले असते आणि मराठीत ते ‘एकास दहा’ असे वाचले जाते. गवंडी ‘एकास चार’ म्हणतो, तेव्हा सिमेंटचा एक भाग व वाळूचे चार भाग, असे एकूण पाच भाग त्याला अभिप्रेत असतात. ‘स’ हा प्रत्यय येथे भागाची भागाशी तुलना करतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ‘१:१०’ याचा रूढ अर्थ ‘दहात एक’ असा आहे. ‘त’ हा प्रत्यय भागाचा संपूर्णाशी संबंध सांगतो. रसायनशाळेत ‘१:१’ आम्ल म्हणजे समभाग आम्ल व पाणी. जीवशास्त्राच्या संकेताने तेच चिन्ह अविरल द्रव दर्शवील.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. एखाद्याने ‘एकास दहा’ हे शब्द गवंड्याच्या अर्थाने घेऊन प्रत्येक नळीत ९ ऐवजी १० मिलिलिटर लवणजल भरले, तर गुणक ११ होतो. पाच टप्प्यांनंतर विरलन १,००,००० पट न राहता १,६१,०५१ पट होते. तेव्हा त्याच ८४ वसाहतींवरून खरी संख्या सुमारे १३ कोटी ५३ लाख निघावयास हवी. परंतु वहीत ८ कोटी ४० लाखच नोंदले जातील. एका टप्प्यातील दहा टक्क्यांची चूक पाच टप्प्यांत एकसष्ट टक्क्यांवर जाते.

रक्तरसाच्या परीक्षेतही हीच दक्षता हवी. फर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये प्रचारात आणलेल्या विषमज्वराच्या चाचणीत रक्तरस १:२०, १:४०, १:८० असा दुपटीने विरल करीत जातात. नळीत नंतर तितक्याच आकारमानाचे प्रतिजन घातले की १:२० चे १:४० होते. नोंदलेला आकडा प्रतिजन घालण्यापूर्वीचा की नंतरचा, हे अहवालात स्पष्ट नसेल, तर तो वाचणाऱ्या वैद्याच्या निदानात दुपटीचा फरक पडू शकतो.

यावर उपाय साधा आहे. नोंदवहीत गुणोत्तराच्या चिन्हावर विसंबून न राहता ‘१ मिलिलिटर + ९ मिलिलिटर, दहापट विरलन’ असे स्पष्ट लिहावे, आणि वाचताना ‘एकास दहा’ऐवजी ‘दहात एक’ म्हणावे. मराठीत विज्ञान शिकविणाऱ्यांना ही सोय भाषेनेच दिलेली आहे. चिन्हात दडलेला भेद येथे प्रत्यय उघड करतात. मात्र ते जाणीवपूर्वक वापरले पाहिजेत.