गाडीच्या तळाला घरी बसवलेलं आवरण सायलेन्सरच्या धगीपासून कसं वाचवायचं?

गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली, की तिचं पोट किती ओबडधोबड असतं ते दिसतं. इंजिनचा तळ, गिअरबॉक्स, आडव्या पट्ट्या, इंधनाच्या नळ्या आणि पुढून मागेपर्यंत गेलेला सायलेन्सरचा पाइप. वेगात असताना या उंचसखल भागांवर हवा अडखळते आणि गाडीला मागे ओढते. म्हणून काही हौशी मंडळी प्लास्टिकची शीट किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापून तळाला सपाट आवरण बसवतात.

कल्पना नवी नाही. होंडाच्या १९९९ सालच्या पहिल्या 'इनसाइट'मध्ये अशी आवरणं कारखान्यातूनच लावलेली होती. पण कारखान्यात उष्णतेचा हिशेब आधी होतो, घरी तो बहुतेक वेळा राहून जातो. मग प्लास्टिक वितळून पाइपला चिकटतं. आवरणावर गळलेलं तेल किंवा वाळका पाला साठला असेल, तर आग लागू शकते.

तळाशी किती उष्णता असते?

सगळा पाइप सारखा तापत नाही. इंजिनजवळचा भाग सर्वात गरम आणि मागचं टोक त्या मानानं थंड असतं. मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्वात जपण्यासारखा. विषारी वायूंवर प्रक्रिया करण्यासाठी त्याला आतून किमान २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापावंच लागतं, आणि चालू गाडीत आतलं तापमान ४०० ते ८०० अंशांपर्यंत असतं. इंजिन मिसफायर होत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो याहून खूप जास्त तापतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळताना तोही सुमारे ६०० अंशांपर्यंत जातो.

आता आवरणाकडे पाहू. पाट्यांसाठी वापरली जाणारी सनपॅक शीट हलकी, स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारी, म्हणून अनेकांची पहिली पसंती तिलाच असते. ती पॉलिप्रॉपिलीनची असते. हे प्लास्टिक सुमारे १६० अंशांना वितळतं, पण शंभरीच्या आसपासच मऊ पडून लोंबू लागतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत वितळत नाही.

पाइपला न टेकताही प्लास्टिक का वितळतं?

चुलीच्या बाजूला बसलं तरी तोंडाला धग लागते. गरम हवा तर सरळ वर जात असते. मग ही उष्णता येते कशी? ती किरणांच्या रूपात येते, तिला हवेची गरज नसते. गाडीखालीही हेच घडतं.

ही धग तापमानाबरोबर फार झपाट्यानं वाढते. २०० अंशांवरचा गंजका लोखंडी पाइप दर चौरस मीटरमागे सुमारे २,३०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, तर ४०० अंशांवरचा सुमारे ९,३०० वॅट. भर दुपारचं कडक ऊन साधारण १,००० वॅटचं असतं. म्हणजे तापलेल्या पाइपाशेजारचं प्लास्टिक नऊ उन्हं एकदम झेलत असतं.

गाडी धावत असेपर्यंत खालून वाहणारी हवा ही उष्णता वाहून नेते. घाट चढून गाडी थांबली किंवा ती ट्रॅफिकमध्ये अडकली, की वारा बंद होतो, पण पाइप तसाच तापलेला असतो. त्यामुळे हायवेवर तासभर टिकलेलं आवरण टपरीवर चहाला थांबल्यावर वितळू शकतं.

मग उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे गरम भाग झाकायचाच नाही. बहुतेक गाड्यांत पाइप तळाच्या मधल्या खोबणीतून जातो. ती खोबणी मोकळी ठेवून दोन्ही बाजूंना आवरण लावलं, तर बराच फायदा मिळतो आणि बराच धोका टळतो. कन्व्हर्टर आणि डिझेल फिल्टरच्या खाली आवरण नकोच.

जिथे आवरण पाइपाजवळून न्यावंच लागतं, तिथे मध्ये चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावावा. असा पत्रा बहुतेक धग परतवतो, आणि स्वतः तापला तरी मागच्या बाजूनं फार थोडी धग सोडतो. हा गुण त्याच्या चकाकीत असल्यानं पत्र्याला रंग देऊ नये. पावसाळ्यात चिखल बसला तर तो धुऊन काढावा.

पत्रा आणि प्लास्टिक यांच्यात मोकळी फट हवी, दोन्ही टोकांना हवा खेळती राहील अशी. पत्रा थेट चिकटवला तर त्याची उष्णता सरळ प्लास्टिकमध्ये उतरते. पाइपापासूनही किमान इंचभर अंतर ठेवावं, कारण पाइप रबरांवर टांगलेला असतो आणि खड्ड्यांत हेलकावतो.

जोडणीसाठी प्लास्टिकचे टाय नकोत, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि स्पेसर वापरावेत. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मानानं फारच कमी वाहते. मीटरभर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा १०० अंशांनी तापला, की सुमारे २.३ मिलिमीटर वाढतो, म्हणून भोकं गोल न ठेवता लांबट ठेवावीत. नाहीतर पत्रा फुगतो आणि खडखडू लागतो.

काचलोकर किंवा कापडी वेष्टण भरून फट बुजवण्याचा मोह टाळलेला बरा. ते तेल आणि पाणी शोषून घेतं. तेलानं आगीचा धोका वाढतो, पाण्यानं पाइप गंजतो. कंपनीनं बसवलेले मूळ उष्णतारोधक पत्रे तर कधीच काढू नयेत.

पुरेसं झालं, हे कसं ओळखायचं?

तापमान मोजून. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर फसवतो, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवतो. पत्र्याचं तापमान हवं असेल तर त्यावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा छोटा ठिपका द्यावा आणि तिथे नेम धरावा. प्लास्टिकवर मात्र थेट मोजता येतं. मोजणी घाट चढून आल्यावर, गाडी थांबवून पुढची दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून करावी. प्लास्टिक ७०-८० अंशांच्या वर जात असेल, तर तेवढा तुकडा कापून टाकणं हाच शहाणपणा.

पुढेही दर सर्व्हिसिंगला आवरण उतरवून वरचा पाला, चिंध्या, पिशव्या आणि तेलाचे ओघळ पाहावेत. ऑइल बदलताना इंजिनखालचं आवरण तसंही काढावं लागतं.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट ८०ला. त्यामुळे गाडी मुख्यतः शहरातच फिरत असेल, तर या आवरणानं वाचणारं इंधन नगण्य असतं. अशा गाडीच्या गरम भागाखाली आवरण लावणं म्हणजे नाममात्र फायद्यासाठी आगीशी खेळणं.