पाकाची तार

सणाच्या दिवशीं पानांत गोड पडलें नाहीं तर तो सण सुना वाटतो. परंतु तें गोड कसें सिद्ध होतें, याचा विचार आपणांपैकीं थोडेच करितात. आम्हांसही तो करण्याचें कारण पडलें नव्हतें. पडलें तें नागपुरांतील आमच्या मोहल्ल्यांतल्या गृहिणींच्या एका लहानशा मंडळामुळें.

या गृहिणी महिन्यांतून एकदां एकीच्या घरीं जमतात. पाकशास्त्राचें एक पुस्तक ठरवितात, त्यांतील एकच गोड पदार्थ प्रत्येकजण आपल्या घरीं करून आणते, आणि मग सर्व डबे शेजारीं शेजारीं उघडले जातात. चव पाहण्याच्या कामीं मुलांना मज्जाव नसल्यामुळें आम्हीही हजर असतों. एकदां रव्याच्या पाकांतल्या लाडवांची पाळी होती. पुस्तक एक, पान एक, प्रमाण एक. पण सहा डब्यांत सहा तऱ्हेचे लाडू! एकीचे हातांत घेतांच फुटत, तर दुसरीचे दातांस दाद देत नसत. असें कां व्हावें?

याचें उत्तर साखरेच्या पाकांत आहे. शुद्ध पाणी समुद्रसपाटीवर १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. त्यांत साखर विरघळली म्हणजे तें अधिक उष्णतेवर उकळूं लागतें. आणि पाणी जसजसें आटतें तसतशी ती उष्णता चढत जाते. सुमारें १०५ अंशांवरील पाकाचा थेंब किंचित् निववून दोन बोटांत धरला आणि बोटें दूर केलीं, तर एक तार निघते. हा एकतारी पाक. सुमारें ११५ अंशांवरील पाकाचा थेंब गार पाण्यांत टाकिला, तर त्याची मऊ गोळी वळते. हा गोळीबंद पाक. दोहोंत अंतर अवघें दहा अंशांचें, आणि तें थोड्याच मिनिटांत ओलांडलें जातें. कच्च्या पाकाचे लाडू नीट वळत नाहींत. पुढें गेलेल्या पाकाचे दगड होतात. सहा डब्यांतील भेद या मिनिटांचा होता.

मराठींत पाककृतींचीं पुस्तकें छापून निघूं लागलीं त्यास आतां दीडशें वर्षें झालीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं आणि कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं प्रसिद्ध झालें. ‘रुचिरा’ या पुस्तकांत वाटी व चमचा हीं घरोघरचीं मापें असल्यामुळें नव्या सुनेसही तें आपलें वाटलें. तथापि पुस्तक ‘एकतारी’ हा शब्द देतें. ती तार ओळखावयास मात्र कोणीतरी जवळ उभें राहून शिकवावें लागतें. उलट, जें केवळ हातांत असतें आणि कागदावर नसतें, तें त्या हाताबरोबरच जातें.

ही दुसरी गोष्ट आम्हांस संत्र्याच्या बर्फीनें शिकविली. मंडळांतील एका काकूंच्या सासूबाई ही बर्फी करण्यांत निष्णात होत्या. प्रमाण विचारलें कीं म्हणत, “हाताला कळतं बाई, त्यात लिहायचं काय?” त्या वारल्या आणि त्यांच्यामागें ती बर्फीही घरांतून गेली. काकूंनीं हें दुःख एकदां बोलून दाखविलें, तेव्हां अंबिया बहाराचीं संत्रीं बाजारांत येतांच ती बर्फी पुनः साधावयाची असें मंडळीनें ठरविलें.

प्रथम त्यांनीं आटत्या दुधांत संत्र्याचा रस घातला. दूध फाटलें. संत्र्यांत आम्ल असतें. त्या योगानें दुधांतील प्रथिनांच्या गुठळ्या होतात व पाणी निराळें पडतें. दुसऱ्या वेळीं रस आणि साखर एकत्र बराच वेळ उकळून मग त्यांत खवा घातला. बर्फी चिकट राहिली. वडी थिजते ती गार होतांना साखरेचे बारीक कण पुनः जमतात म्हणून. परंतु आम्लांत साखर फार वेळ उकळली, तर तिचा कांहीं भाग दोन साध्या साखरांत मोडतो, आणि त्या साखरा कण जमूं देत नाहींत.

तिसऱ्या वेळीं चार संत्र्यांच्या फोडींवरील साल, शिरा व बिया काढून टाकिल्या, कारण कडवटपणा त्यांत असतो. नुसता गर मंद आंचेवर आटवून दाट केला. दुसऱ्या कढईंत पाव किलो खवा परतून त्यांत अर्धी वाटी साखर विरघळविली आणि अगदीं शेवटीं गर मिसळला. खव्यांत पाणी थोडें आणि गरही दाट, म्हणून पाणी सुटलें नाहीं. साखरेचा आम्लाशीं सहवासही थोडाच वेळ झाला. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होऊं लागतांच तें तूप लावलेल्या ताटांत थापलें. गार झाल्यावर सुरेख वड्या पडल्या.

काकूंनीं एक वडी तोंडांत घातली व क्षणभर त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “अगदी आईंच्या हातची नाही; पण ओळखीची आहे.” त्याच वेळीं त्यांनीं पुस्तकाच्या समासांत सर्व प्रमाण लिहून घेतलें, आणि त्याखालीं सासूबाईंचें नांव घातलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींही अशी एखादी आजी, मावशी किंवा आत्या असेल. येत्या सुटींत वही घेऊन तिच्या चुलीपाशीं बसा. ती मूठभर रवा घेईल, तो आधीं वाटींत मोजा. ती ‘थोडा वेळ’ म्हणेल, तेव्हां घड्याळ पाहा. आणि ती बोटांनीं पाक पाहील, तेव्हां आपलेंही बोट पुढें करा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलगा असो वा मुलगी, त्यांस या वेळीं स्वयंपाकघरांतून बाहेर घालवूं नये. लिहिलेलें आणि हातानें शिकलेलें अशीं दोन्ही जेथें एकत्र येतील, तेथील गोडी पुढच्या पिढीस अंतरणार नाहीं.