मरियामातेला इतकं पवित्र का मानतात?

वांद्र्याची मोत माउली, म्हणजेच मरियामाता, आपल्या केनवड गावच्या लोकांनाही ऐकून माहीत असते. पण कॅथलिक लोक मरियेबद्दल नेमकं काय मानतात? थोडक्यात सांगतो.

🔹 देवाची माता: येशू हा देवच, म्हणून त्याची आई ही देवाची माता. इ.स. 431 च्या इफिससच्या धर्मपरिषदेने हे मान्य केलं.

🔹 निष्कलंक गर्भसंभव: अनेकांना वाटतं की हे येशूच्या जन्माबद्दल आहे. तसं नाही! मरिया स्वतः आईच्या उदरात आली त्या क्षणापासून आदिपापापासून (माणसाला जन्मतःच लागणाऱ्या पापापासून) मुक्त होती, असा याचा अर्थ. 1854 मध्ये पोप नववे पायस यांनी हा सिद्धांत घोषित केला. सण 8 डिसेंबरला. पणजीचं प्रसिद्ध चर्च याच नावाचं.

🔹 नित्य कौमार्य: येशूच्या जन्माआधी, जन्मताना आणि नंतरही ती कुमारीच राहिली, ही श्रद्धा.

🔹 स्वर्गारोपण: देवाने तिला देहासह स्वर्गात घेतलं. 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी हे जाहीर केलं. सण 15 ऑगस्टला, आपल्या झेंडावंदनाच्या दिवशीच.

सगळ्यात महत्त्वाचं: आराधना फक्त देवाची. मरियेला सर्व संतांहून मोठा मान, पण तिचं पावित्र्य ही देवाचीच कृपा. तिच्याकडे मागणं म्हणजे ‘आमच्यासाठी देवाकडे विनंती कर’ असं सांगणं.

आपल्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 च्या ‘क्रिस्तपुराणा’त मरियेची कथा ओवीबद्ध केली आहे. मराठीप्रेमींनी ती जरूर वाचावी. 🙏