मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

“माका काय एक झाला नाय!” असे म्हणत सासूबाई उपकेंद्राच्या पायऱ्या चढल्या. रक्तदाब तपासायला मीच त्यांना नेले होते. त्यांचे झाल्यावर आशाताई म्हणाल्या, “वहिनी, तुम्हीही बसा. तिशी ओलांडलीत ना?” मी हसतच हात पुढे केला. आकडा निघाला १५६/९८! सासूबाईंचा मात्र ठीक.

ना डोके दुखत होते, ना चक्कर येत होती. हे दुखणे असेच मुक्याने येते आणि एके दिवशी हृदयावर नाहीतर मेंदूवर घाव घालते. एकाच आकड्यावर निदान करीत नाहीत, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजतात. माझा तेव्हाही चढाच निघाला, नि डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

आपला सिंधुदुर्ग या कामात मागे नाही बरं का! २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, साताऱ्याबरोबर आपला जिल्हाही सुरुवातीपासून होता. सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. आशाताई कंबरेचे मापही घेतात. बायकांचे ८० सेंटिमीटरच्या आत असावे. मिश्री लावता का, हेही विचारतात. तिथे लाजून खोटे सांगू नये!

घरी येऊन मी हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान ४० दिवस पुरायला हवा. आमचा पंचविसाव्या दिवशीच संपायचा! खाऱ्या बांगड्यातले, पापडातले मीठ वेगळेच.

आता खारा बांगडा भिजवून ते पाणी मी टाकून देते. आगळ मूळचेच खारट, म्हणून सोलकढीत वरून मीठ नाही. पेजेबरोबर लोणच्याऐवजी भाजी. पानात मीठ वाढणे बंद. पहिले आठ दिवस सगळ्यांनी तोंडे वाकडी केली. आता कुणाच्या लक्षातही येत नाही. संध्याकाळी अर्धा तास मी भराभर चालते. गोळी मात्र ‘बरे वाटते’ म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांना आपण तपासणीला नेतो, आपला हात तेवढा पुढे करीत नाही. या खेपेला तो करा.