मराठा लाइट इन्फंट्री

मुंबई बेटावरील आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ साली शिपायांची जी पलटण उभी केली, तिची भरती पुढे ज्या मराठी मुलखाच्या दराऱ्याने कंपनीची झोप उडाली होती त्याच मुलखातील शेतकऱ्यांच्या मुलांतून होत जावी, हा इतिहासाचा विनोद म्हटला पाहिजे. ही पहिली ‘जंगी पलटण’. तिच्या मागून वर्षभराने आलेली ‘काळी पाचवी’. मुंबई फौजेत त्या काळी महारांसह अनेक जातींचे लोक एका रांगेत उभे राहत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ आणि बिनलढाऊ असा भेद करून महारांची भरती सरकारने बंद केली, तो निर्णय अन्यायाचा तर होताच, पण कृतघ्नपणाचाही होता.

१७९९ साली टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणापर्यंत गेलेल्या या पलटणींची खरी कसोटी लागली ती १८४० साली बलुचिस्तानातील काहान येथे. तेथील गढीत कॅप्टन ब्राऊन याच्या हुकमतीखाली काळ्या पाचवीची एक लहान तुकडी मरी टोळ्यांच्या वेढ्यात सापडली. कुमक घेऊन निघालेली फौज वाटेतच मार खाऊन परतली, रसद आटली, तरी महिनोन्‌महिने दरवाजा उघडला नाही, आणि अखेरीस टोळीच्या सरदाराशी करार करून ही मंडळी आपल्या तोफेसह बाहेर पडली. दुसऱ्याच वर्षी या पलटणीला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. मुख्य फौजेच्या पुढे विरळ पसरून, आडोशाआडोशाने सरकत शत्रूस हैराण करणारे हे पायदळ. घाटवाटांत वाढलेल्या माणसाला ही विद्या मुद्दाम शिकवावी लागली असेल, असे मला वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे तीन मराठा पलटणी वेढल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने तेथील फौजेने शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यानंतरच्या तुर्की बंदिवासात जे मेले त्यांची नावे गावोगावी कोणी मांडून ठेवली नाहीत. १९२२ साली पुनर्रचना होऊन या पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एका नावाखाली आल्या. बेळगाव हे त्यांचे घर झाले.

दुसऱ्या महायुद्धातील पराक्रम मात्र स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर, वरून इटालियन मशीनगनांचा मारा चालू असता, कर्नल रीड याच्या तिसऱ्या बटालियनने ‘पिनॅकल’ नावाचे शिखर रात्रीच्या चढाईत घेतले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीत तुकडीप्रमुख म्हणून ते स्वतः तेवढे उरले, बाकी सारे पडले. ते एकटेच धावून गेले, हातबाँबने मशीनगन बंद पाडली, काडतुसे भरायला उसंत नाही म्हणून शत्रूच्या उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले, आणि मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. पुढील वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले, मग परत येऊन तीन मशीनगनांची ठाणी निकालात काढली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालेना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबाँब उचलले. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करीत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर.

स्वातंत्र्यानंतरच्या मोहिमांपैकी एकच सांगतो. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला जंगी पलटणीने पाकिस्तानी ठाण्याची पिछेहाटीची वाट अडवली. शरणागतीचा निरोप धाडला असता तिकडून आलेल्या उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी होती. दुसऱ्या दिवशी रात्री निसटू पाहणाऱ्या त्या फौजेला पलटणीने मोडून काढले.

कंपनीने उभारलेल्या या पलटणी आपला वार्षिक दिन ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाणा घेतला त्या दिवशी, साजरा करतात. सैनिकाने हृदयातला धनी कोण मानला होता, ते या निवडीतून मला अधिक स्पष्ट दिसते. इटलीत, मोंतोने येथे, २०२३ साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. आपल्याकडे त्यांचा पुतळा माणगावात आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्याने माणगावास गाडी थोडी थांबवावी.